चौघांनी उचललेली बाज

सामान्य काळातला पहिला आठवडा, शुक्रवार
आजचं शुभवर्तमान : मार्क २:१-१२



एरंगळचा सण होऊन आज पाच दिवस झाले. समुद्रालगतच्या संत बोनाव्हेंचरच्या त्या १५७५ सालच्या देवळापुढचे मांडव उतरले, पण वाळूत मांडलेल्या चुलींची काळी वर्तुळं अजून दिसतात. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी हा सण येतो, आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी बहुतेक वेळा हे आजचं शुभवर्तमान मिस्सात वाचलं जातं. इतकी वर्षं मी ते ऐकत आलो. चार वर्षांपासून मात्र ते ऐकताना मान खाली जाते. का, ते आज लिहितो. बरेच दिवस टाळत होतो.

आधी प्रसंग डोळ्यांपुढे आणू या. येशू कफर्णहूमला परत आलेला आहे. कफर्णहूम म्हणजे आपल्या मढसारखंच गाव समजा. पाण्याकाठचं, होड्यांचं, जाळी सुकत टाकणाऱ्यांचं. पेत्राचं घर तिथेच होतं, त्याची सासू तापाने फणफणली होती तीही त्याच गावात. येशू घरात आहे हे कळल्यावर एवढी माणसं जमली की दाराबाहेरही उभं राहायला जागा उरली नाही. तो वचन सांगत होता. तेवढ्यात चौघेजण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून घेऊन आले. आत शिरता येईना. मग त्यांनी काय केलं? छपरावर चढले, छप्पर उकरलं, आणि बाज दोरांनी खाली सोडली.

तिथली घरं काळ्या दगडाची असत आणि छप्पर हलकं, लाकडाच्या वाशांवर काड्या आणि माती लिंपून केलेलं. म्हणून मार्क ‘उकरलं’ असं सांगतो. लूक मात्र कौलं काढल्याचं लिहितो, कारण त्याच्या वाचकांना कौलांची घरं ओळखीची असावीत. मला नेहमी वाटतं, ज्याचं घर होतं त्याचं काय झालं असेल? पाहुण्याच्या डोक्यावर माती पडतेय, वाशे उघडे पडलेत. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर कोणी पत्रा हलवला तरी भांडण होतं! पण त्या घरमालकाची तक्रार शुभवर्तमानात कुठेही नाही.

आणखी एक गोष्ट बघा. त्या चौघांच्या तोंडी मार्कने एक शब्दही घातलेला नाही. आजारी माणसाच्या तोंडीही नाही. ते चौघे त्याचे कोण होते, भाऊ की मित्र की शेजारी, तेही सांगितलेलं नाही. नावं नाहीत. बोलतात ते शास्त्री, तेही मनातल्या मनात, आणि बोलतो येशू. चौघे फक्त उचलतात, चढतात, उकरतात, सोडतात.

आता माझ्या मित्राविषयी.

तो तांडेल होता. आम्ही एका वर्गात शिकलो, एकाच दिवशी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. मी पुढे नोकरीला लागलो, तो बापाच्या होडीवर गेला. डोल जाळं टाकून रात्रभर भरती-ओहोटीची वाट बघत बसायचं म्हणजे झोप येते. झोप मारायला तंबाखू. होडीवर बहुतेकांची गालात पुडी असतेच. चार वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या तेव्हा त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला एक जखम होती. दुखत नव्हती, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. तिखट लागलं की झोंबायचं, तर त्याने तिखट सोडलं. तोंड पूर्ण उघडेना तेव्हा बायकोने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. (इथे थांबून एक सांगतो, कारण हे कोणाच्या तरी कामी येईल. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नसेल तरी दाखवा. उलट दुखत नसेल तर जास्तच लवकर दाखवा, कारण न दुखणारी गोष्ट माणूस ढकलत राहतो. आणि मशेरी लावणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो, मशेरी हा भाजलेला तंबाखूच आहे.)

तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग काढावा लागला, मानेतल्या गाठी काढल्या, आणि पायाचं हाड व मांस घेऊन जबडा पुन्हा उभा केला. मग शेक. तीस शेक, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. मध्ये खंड पडू द्यायचा नाही असं डॉक्टर बजावून सांगतात, कारण खंड पडला की रोगाला सावरायला वेळ मिळतो.

मढहून परळ. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २७१ नंबरची बस धरून मालाडला जायचं तर मार्व्याच्या रस्त्यावर कधी किती वेळ जाईल याचा नेम नाही, आणि खड्ड्यांत टाके हलतात. म्हणून ते जेट्टीवरून फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायचे, तिथून रिक्षाने अंधेरी, मग लोकलच्या दिव्यांग डब्यातून दादर (कॅन्सरच्या रुग्णाला त्या डब्यातून जाता येतं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं), आणि दादरहून टॅक्सी. शेक स्वतः काही मिनिटांचा. वाट बघणं तासांचं. मग तोच रस्ता उलटा. असं तीस वेळा.

त्याच्या बायकोला हे एकटीने झेपलं नसतं. तिला दोन मुलं, आणि घर चालवायला मासळी विकणं भाग होतं. मग चौघांनी ते वाटून घेतलं. खरंच चौघे होते, मी आकडा जुळवून सांगत नाही. एक त्याचा मेहुणा, रिक्षा चालवणारा. त्याने सहा आठवडे सकाळची भाडी सोडली. दुसरा त्याच्याच होडीवरचा खलाशी, हिंदू कोळी. तो घरातून निघताना हरबादेवीला हात जोडायचा आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्या मित्राबरोबर जपमाळही म्हणायचा. तिसरा कॉलेजात शिकणारा पुतण्या. फाईल, रेशनकार्ड, सरकारी योजनेचे कागद, समाजसेवा विभागातल्या फेऱ्या हे सगळं त्याच्याकडे. आणि चौथी शेजारची एक आजी, सत्तरीच्या पुढची. ती कुठे गेली नाही. तिने घरात बसून जेवण सांभाळलं. नाकातून नळी होती, तिच्यातून दर दोन-तीन तासांनी पातळ अन्न द्यायचं. डाळीचं पाणी, दूध, आणि माशाचं सार, फडक्यातून दोनदा गाळून, म्हणजे नळीत काटा किंवा कण अडकायला नको. बसवून द्यायचं आणि दिल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, हे सिस्टरने शिकवलेलं तिने कधी मोडलं नाही. मध्यंतरी त्याला सुक्या बोंबलाचा वास सहन होईना. कोळीवाड्यात सुक्या बोंबलाचा वास! आजीने आळीतल्या बायकांना एवढंच सांगितलं, आणि तेवढे महिने त्या बाजूला बांबूंवर कोणी बोंबील घातले नाहीत. जागा बदलली. कोणी कुरकुर केल्याचं माझ्या कानावर नाही.

आता तुम्ही विचाराल, यात तू कुठे होतास?

मी दारात होतो.

शुभवर्तमानात त्या आजारी माणसाची वाट कोणी अडवली होती? वाईट लोकांनी नाही. वचन ऐकायला आलेल्या भक्तांनी. पाठ आजाऱ्याकडे, तोंड येशूकडे. त्या दिवसांत मी रोज पहाटे उठून इथे मनन लिहीत होतो. शांतीवर लिहिलं, विश्वासावर लिहिलं, एकदा तर रुग्णसेवेवरही लिहिलं. आणि माझ्या घरापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर माझा मित्र अर्धा जबडा गमावून बसला होता आणि मी दोन महिने त्याच्या दारात गेलो नव्हतो. कारणं भरपूर होती. कामाचा ताण, त्याला संसर्ग नको, त्याला आराम करू दे. खरं कारण एकच, मला त्याचा चेहरा बघायची भीती वाटत होती. आणि काय बोलावं ते कळत नव्हतं.

मला वाटतं आपल्यातले खूप जण इथेच अडतात. प्रेम नसतं असं नाही. शब्द नसतात, आणि शब्दांशिवाय जायचं कसं म्हणून आपण जात नाही. ईयोबाचे तीन मित्र आठवा. पुढे त्यांनी बडबड करून त्याला हैराण केलं, देवानेही त्यांना फटकारलं, म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण आधी त्यांनी जे केलं ते फार मोठं होतं. त्याचं दुःख बघून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोंड उघडलं तिथे ते चुकले.

शेवटी मी गेलो. बायकोने जवळजवळ ढकललं म्हणून गेलो. जाताना तयारी केली होती, शास्त्रातले तीन उतारे काढले होते, खुणा घातल्या होत्या. तो खुर्चीत बसला होता. बोलता येत नव्हतं, मांडीवर मुलाची शाळेतली पाटी. मी बायबल उघडलं आणि वाचायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. भला माणूस. मग पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं. ‘धक्क्यावर आज काय आलं?’

मला माहीत नव्हतं. मी त्याच धक्क्यावरून चालत आलो होतो आणि काय मासळी आली, भाव काय फुटला, कोणाच्या जाळ्यात काय लागलं, काही बघितलं नव्हतं. तो हसला. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर झालं. दुसऱ्या दिवसापासून मी धक्क्यावर थांबून, विचारपूस करून मग त्याच्याकडे जाऊ लागलो. पापलेट किती, घोळ लागली का, डिझेल किती झालं, कोणाचं इंजिन बसलं. त्याला ते हवं होतं. जगात अजून आपली जागा आहे हे त्याला ऐकायचं होतं. वचन मी नंतर वाचायचो, त्याने मागितलं तर.

आजच्या वाचनात एक अवघड जागा आहे. तिच्यावरून उडी मारून पुढे जाता येत नाही. लोकांनी छप्पर फोडून माणूस खाली सोडला तो चालावा म्हणून. आणि येशू त्याला आधी काय देतो? पापांची क्षमा. यावरून काही जण लगेच अर्थ काढतात, बघा, आजार पापामुळेच येतो. मित्राच्या बाबतीतही आळीत हे बोललं गेलं, थोड्या वेगळ्या शब्दांत. तंबाखू खात होता, भोगतोय. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट करून नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून हिशेब मांडायचा अधिकार आपल्याला नाही. तंबाखूने कॅन्सर होतो हे खरं आहे, आणि ते आपल्या पोरांना दहा वेळा सांगितलं पाहिजे, होडीवर, शाळेत, चर्चच्या आवारात. पण ते ज्याला झालाय त्याला सांगायचं नसतं. त्याला ते आपल्याआधी कळलेलं असतं.

मग येशू क्षमेपासून सुरुवात का करतो? मला याचं उत्तर त्या पाटीने दिलं. एका संध्याकाळी त्याने लिहिलं, ‘माझ्यामुळे.’ एवढंच. होडीवर कर्ज होतं, बायकोचे दागिने गेले होते, मुलीचं शिक्षण अडलं होतं, आणि हे सगळं आपल्या एका सवयीमुळे असं त्याच्या मनाने घेतलं होतं. जबड्याचं दुखणं गोळीने कमी होत होतं. हे होत नव्हतं. म्हणजे बाजेवर पडलेला माणूस नुसता पायांनी लुळा नसतो. तो रात्री जागा राहून स्वतःवर खटला चालवत असतो. येशूने त्याला बघितलं आणि आधी ‘मुला’ अशी हाक मारली, मार्कने ती मुद्दाम नोंदवली आहे, आणि मग तो खटलाच काढून टाकला. पाय नंतर.

मी आमच्या फादरांना सांगितलं. ते आले. प्रायश्चित्त संस्कार बोलून करायचा असतो, इथे तोंडच नव्हतं. सगळ्यांना बाहेर बसवलं. बराच वेळ गेला. मग फादरांनी दार किलकिलं करून ओलं फडकं मागितलं. वहिनीने दिलं. आम्ही आत गेलो तेव्हा पाटी कोरी होती, फादरांच्या बाहीला खडूचा पांढरा डाग होता आणि माझा मित्र झोपला होता. त्या रात्री तो सलग झोपला, असं वहिनी म्हणाली.

औषध आणि प्रार्थना यांच्याबद्दल दोन शब्द, कारण याच्यावरून घराघरांत भांडणं होतात. मला एक गृहस्थ माहीत आहेत, ज्यांना कुठल्याशा सभेत सांगण्यात आलं की तुम्ही बरे झालात, आता केमो घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी तीन सायकल झाल्यावर सोडून दिली. पुढचं लिहवत नाही. बेन सिराच्या ग्रंथात अडतिसावा अध्याय काढून वाचा. वैद्याचा मान ठेवायला तिथे सांगितलं आहे, कारण त्यालाही देवानेच घडवलं, आणि औषधं देवानेच जमिनीतून उगवली. आजाऱ्याने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, दोन्ही. केमो चालू असताना शंभराच्या वर ताप चढला तर जपमाळ संपवून जाऊ असं म्हणू नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, ताप ही धोक्याची खूण असते. तसेच उठा, रिक्षा काढा, जपमाळ रिक्षात म्हणा.

परळच्या त्या हॉस्पिटलची गोष्टही मला या चौघांच्या गोष्टीसारखीच वाटते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पैसा होता, परदेशातले डॉक्टर होते, तरी वाचल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल उघडलं. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोसाठी छप्पर उघडता आलं नाही, त्याच्या पैशाने दुसऱ्या लाखोंसाठी ते उघडलं गेलं. हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे, मूळचे गोव्याचे, तिथेच आयुष्य घालवलेले शल्यविशारद. पुढच्या वेळी पाटी वाचाल तेव्हा त्यांच्यासाठी एक आमेन म्हणा. आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे लांबून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. आपल्याला फेरीबोटीचा कंटाळा येतो. तिथे लोक दोन-दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आलेले असतात, आणि जागा न मिळालेले फुटपाथवर प्लॅस्टिक ताणून असतात. त्यांच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावू नका, एवढं तरी.

आता सगळ्यात कठीण भाग.

शुभवर्तमानातला माणूस उठला, बाज उचलून घरी गेला. माझा मित्र दीड वर्ष बरा राहिला. होडीवर जाऊ लागला नाही, पण धक्क्यावर बसायचा, जाळी विणायचा, जड जिभेने का होईना बोलायचा. मग मानेत गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी वहिनीला बाजूला बसवून नीट, न घाई करता सांगितलं की बरं करण्यासारखं आता काही उरलेलं नाही, वेदना मात्र नक्की कमी ठेवता येतील. शेवटचे काही आठवडे तो वांद्र्याला, माउंट मेरीजवळच्या शांती अवेदना सदनात होता. असाध्य कॅन्सरच्या रुग्णांसाठी १९८६ साली सुरू झालेलं ते आपल्या देशातलं पहिलं घर, आणि तिथे पैसे घेत नाहीत. तिथून समुद्र दिसतो, हे त्याला बरं वाटलं.

चौघांनी तेवढंच उचललं होतं. तेवढंच छप्पर उकरलं होतं. मग?

मला उत्तर येत नाही, आणि येतं असं दाखवणार नाही. एवढंच माहीत आहे की गेथशेमानेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून विनवणी केली आणि तो टळला नाही. पौलाने अंगातल्या काट्यासाठी तीनदा मागितलं, काटा राहिला. लाजारच्या कबरेजवळ येशू रडला, पुढच्या घटकेला त्याला उठवणार होता तरी रडला. म्हणजे रडणाऱ्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करायची घाई देवालाही नव्हती. आणि क्रुसाजवळ त्याची आई, काही बायका आणि एक शिष्य उभे होते. त्यांना काहीच करता येत नव्हतं. खिळे काढता येत नव्हते, तहान भागवता येत नव्हती. बाकीचे पळाले, हे उभे राहिले. योहानाने ते उभं राहणं लिहून ठेवलं.

शेवटच्या आठवड्यात आम्ही आळीपाळीने वांद्र्याला जायचो. आता त्या चौघांत मीही होतो, पाचवा म्हणा. खलाशी त्याच्या पायांना तेल लावायचा. आजी आली एकदा, सार घेऊन. त्याला गिळता येत नव्हतं, तर सिस्टरने कापसाच्या बोळ्याने ते त्याच्या ओठांना लावलं. मी काय करायचो? मी सकाळी धक्क्यावरून काय काय आलं ते एका कागदावर लिहून न्यायचो आणि वाचून दाखवायचो. बोंबील भरपूर. कोळंबी बारीक. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशीचा कागद माझ्या बायबलात आजही आहे, आजच्याच पानावर.

एक सांगायचं राहिलं, उचलणाऱ्यांबद्दल. वहिनी नंतर तीन महिने आजारी पडली. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं की ती जेवत नव्हती. अमालेकांशी लढाई चालली होती तेव्हा मोशेचे हात भरून आले, तर अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. आजाऱ्याच्या घरी गेलात तर आजाऱ्याला विचारता तेवढंच सांभाळणारीला विचारा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. डबा घेऊन जा. एक रात्र तुम्ही जागा आणि तिला झोपू द्या. मुलांना एका रविवारी घेऊन जा.

परवाच्या सणाला वहिनी एरंगळला आली होती, मुलांना घेऊन, मेहुण्याच्या रिक्षातून. आजीसाठी खुर्ची आणली होती. आम्ही त्याच्या नावाने मेणबत्ती लावली. समुद्रावर वारा होता, तीनदा विझली, खलाशाने दोन्ही हातांचा आडोसा धरला तेव्हा राहिली.

प्रार्थना करू या.

हे प्रभो येशू, आज सकाळी परळच्या रांगेत नंबर लावून बसलेल्या प्रत्येकाला बघ. आज ज्याच्या हातात रिपोर्ट पडेल त्याच्याजवळ कोणीतरी असू दे. ज्याला वाटतं की हे माझ्यामुळे झालं, त्याला तू मारलीस ती हाक ऐकू येऊ दे. डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या, वॉर्डबॉयच्या हातांना बळ दे. दूर गावाहून आलेल्यांना रात्री पाठ टेकायला जागा मिळू दे. रात्र जागून काढणाऱ्या बायकांना, आयांना, मुलांना आज थोडी झोप दे. आणि प्रभो, जे आम्ही तुझं वचन ऐकत दारात उभे आहोत, त्यांना जरा बाजूला सरकव. आमेन.